सहावे घर

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती आले नाही असे मूल आपल्याकडे विरळाच. आणि वसुबारसेला घेतलेले पिस्तूल भाऊबीजेपर्यंत धड राहिले, तर घरादाराला त्याचेही नवल वाटावे. बहुधा नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळाची ताटे मांडली जात असतानाच त्याचा घोडा लुळा पडतो, चिरंजीव रडवेले होतात आणि वडील त्यांना घेऊन दुकानाची पायरी चढतात. दुकानदार तोंडाने काही बोलत नाही. तो नुसते भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे पाटी असते : ‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.’

खेळण्याच्या बाबतीत हे एकवेळ ठीक आहे. चार आसवे गाळून मूल विसरून जाते. पण पिस्तूल खरे असेल तर? ज्या वस्तूत खोट निघाली म्हणजे नुसते पैसे जात नाहीत, तर एखादे माणूस जाऊ शकते, ती वस्तू विकणाराची जबाबदारी पैसे मोजून घेतल्यावर संपते, की तेव्हाच सुरू होते? या प्रश्नाचा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला. कारण घराघरांत पिस्तूल असणे तिथे नवलाचे नाही, आणि ती यंत्राने शेकड्यांनी घडवून सामान्य गिऱ्हाइकाला विकण्याचा धंदाही तिथेच फोफावला. हा सगळा इतिहास एका पिस्तुलाच्या एका घराभोवती फिरतो. म्हणून आधी ते घर पाहू.

सॅम्युअल कोल्ट हा या धंद्याचा आद्य पुरुष. त्याचा जन्म १८१४ मधला, गाव कनेक्टिकट राज्यातले हार्टफर्ड. फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचे, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट त्याने १८३६ साली मिळवले. पॅटरसन येथे काढलेला त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. पुढे मेक्सिकोच्या युद्धात कॅप्टन सॅम्युअल वॉकर या अधिकाऱ्याच्या सूचनांवरून त्याने एक दांडगे रिव्हॉल्व्हर घडवले आणि १८४७ साली सरकारकडून एक हजार नगांची मागणी मिळवली. एकेका नगाचे वजन दोन किलोंहून अधिक! या पिस्तुलांत दारू भरपूर मावे आणि नळकांड्याचे लोखंड मात्र तितक्या जोराला पुरे पडत नसे. कित्येक नळकांडी वापरताना फुटली. कोल्टने त्यावर उपाय केला, पण तो पुढच्या नमुन्यात. १८४८ पासूनच्या पिस्तुलांत त्याने नळकांडे आखूड केले आणि दारू कमी मावेल अशी व्यवस्था केली. चूक सुधारायची ती नव्या मालात, जुना माल ज्याच्या हाती असेल त्याने आपले नशीब आजमावावे, ही धंद्याची जुनी रीत. ती इथपासूनच दिसते.

कोल्टचा मोठा दावा असा, की आपल्या पिस्तुलाचे भाग यंत्रावर इतके सारखे घडतात की एकाचा भाग दुसऱ्याला बसावा. हा दावा खरा ठरला तर दुरुस्तीचे सारे शास्त्रच पालटणार होते. पूर्वी बंदुकीचा घोडा तुटला तर कारागिरापुढे बसून नवा घडवून घ्यावा लागे. आता मोडका भाग कळवावा आणि कारखान्याने नवा धाडून द्यावा, इतके ते सोपे होणार होते. १८५३ साली कोल्टने लंडनमध्येही कारखाना थाटला आणि १८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. परंतु त्याच समितीपुढे त्याच्याच लंडनच्या कारखान्याचा माजी व्यवस्थापक गेज स्टिकनी यानेही साक्ष दिली, आणि भागांची अशी खरीखुरी अदलाबदल होत नसल्याचे सांगितले. कोल्टच्या त्या काळच्या पिस्तुलांवर घोड्याच्या चौकटीपासून नळीपर्यंत वेगवेगळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला आढळतो, त्याचे कारण हेच. यंत्राने घडवलेला भाग शेवटी कानशीने घासून त्या त्या पिस्तुलालाच बसवावा लागे. घड्याळासारखे पिस्तूलही दुरुस्तीसाठी जाणत्या हाताकडेच न्यावे लागे. आजही हाती धरायच्या शस्त्राचे बरेच काम कारखान्याकडेच परत जाते, त्याचे मूळ इथे आहे.

आता ते सहावे घर. कोल्ट १८६२ साली वारला. त्याच्या कंपनीने १८७३ साली अमेरिकन सैन्यासाठी जे रिव्हॉल्व्हर काढले, ते पुढे साऱ्या जगाने चित्रपटांत पाहिले. घोडेस्वार गुराख्यांच्या कमरेला दिसते ते हेच. त्याच्या नळकांड्यात काडतुसांची सहा घरे. काडतुसाच्या बुडाशी आपल्या दिवाळीच्या टिकलीसारखीच एक लहानशी स्फोटक टिकली असते. घोड्याच्या टोकाचा खिळा तिच्यावर आदळला की ती पेटते, तिने दारू पेटते आणि गोळी सुटते. सहाही घरे भरली आणि घोडा खाली सोडला, की तो खिळा सरळ भरल्या काडतुसाच्या टिकलीवर टेकून बसे. घोडा किंचित मागे अडकून राहावा म्हणून एक खाच होती खरी. पण पिस्तूल घोड्यावर आपटले तर ती खाच तुटे, चाप न ओढता गोळी सुटे, आणि ती कुणाला लागेल याचा नेम नसे.

यावर वापरणारांनी स्वतःच तोड काढली. पाच घरे भरायची, सहावे रिकामे ठेवायचे आणि घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवायचा. आपल्याकडे कुंडलीतले सहावे घर शत्रूचे मानतात. तिकडच्या जाणत्या माणसांनीही ते तसेच मानले म्हणायचे! वायट अर्प हा पश्चिमेकडचा नामांकित शिपाई. १८७६ च्या जानेवारीत विचिटा गावातल्या एका मद्यगृहात तो खुर्चीवर बसला असता त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरून खाली पडले आणि उडाले. गोळी त्याच्या कोटातून गेली. गावच्या वृत्तपत्राने ती हकिकत छापली. १९३१ साली निघालेल्या त्याच्या चरित्रात हाच अर्प वाचकांना बजावतो, की शहाणा माणूस पाचच काडतुसे भरतो. शहाणपण कुठून आले ते मात्र तो सांगत नाही.

म्हणजे दोष सर्वांना ठाऊक होता. उपायही सर्वांना ठाऊक होता. पण तो उपाय पोलादात नव्हता, माणसाच्या सवयीत होता. सहा घरांचे पिस्तूल विकायचे आणि सहावे घर वापरू नका हे गिऱ्हाइकाने आपले आपण शिकायचे, असा हा सौदा शंभर वर्षे चालला.

सगळेच कारखानदार स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. नॉर्वेतून आलेल्या आयव्हर जॉन्सनच्या मॅसॅच्युसेट्समधील कारखान्याने १८९० च्या दशकात एक युक्तीची पट्टी आणली. घोडा आता खिळ्यापर्यंत पोचतच नसे. चाप पुरता ओढला म्हणजेच एक पोलादी पट्टी वर येई आणि घोड्याचा घाव खिळ्यापर्यंत पोचवी. चाप न ओढता घोड्यावर काही आपटले तरी पट्टी खालीच, त्यामुळे गोळी सुटण्याची वाटच बंद. कंपनीने जाहिराती केल्या, की आमच्या पिस्तुलाच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारा! या स्वस्त पिस्तुलांचा खप दणक्यात झाला. १९०१ साली बफेलो येथे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडणाराच्या हातात याच कंपनीचे रिव्हॉल्व्हर होते. पट्टी अपघात टाळते. हेतू टाळणे कुठल्याच पट्टीला साधत नाही, हेही तेव्हाच सिद्ध झाले. कोल्ट कंपनीनेही १९०५ मध्ये आपल्या नव्या तऱ्हेच्या रिव्हॉल्व्हरांत अशीच अटक बसवली. जुन्या १८७३ च्या नमुन्याला मात्र तिने हात लावला नाही.

विकलेल्या मालाची जबाबदारी म्हणजे काय, हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. स्मिथ अँड वेसन कंपनी त्या वेळी सैन्यासाठी आणि नौदलासाठी लक्षावधी रिव्हॉल्व्हर घडवत होती. त्यांच्या क्रमांकापुढे विजयाचे चिन्ह म्हणून ‘व्ही’ हे अक्षर असे. त्यांत घोड्याला अडवणारी जुन्या पद्धतीची अटक होती. पण १९४४ साली एका जहाजाच्या पोलादी डेकवर असे एक रिव्हॉल्व्हर पडले, गोळी सुटली आणि एक नौसैनिक प्राणास मुकला. आत घट्ट झालेल्या ग्रीजमुळे ती अटक जागची हललीच नव्हती. बातमी कारखान्यात पोचताच तज्ज्ञ कामाला लागले आणि अल्पावधीत नवी अटक तयार झाली. ही अटक चापाच्या हालचालीनेच सरकत असल्याने ग्रीजवर विसंबून नव्हती. सुधारलेल्या मालावर ‘व्ही’च्या आधी ‘एस’ हे अक्षर पडू लागले. इतकी तत्परता कशी आली? एक तर त्या कारागिरांची कर्तव्यबुद्धी, हे मानलेच पाहिजे. पण दुसरेही कारण उघड आहे. गिऱ्हाईक सरकार होते. तक्रार करणाराच्या हाती पुढची मागणी होती. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाच्या हाती काय असते? फार तर एक पत्र.

आता त्या एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाची कथा. १९४९ साली विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी कनेक्टिकटमध्ये एक लहानसा कारखाना काढला. महायुद्धाच्या सुमारास कोल्टने आपले १८७३ चे रिव्हॉल्व्हर बनवणे थांबवले होते, आणि इकडे दूरचित्रवाणीवर गुराख्यांच्या कथांचा पूर आला होता. घरोघरी लोकांना ते जुन्या घाटाचे पिस्तूल हवे होते. रूगरने ही संधी हेरली. १९५३ मध्ये त्याने त्याच घाटाचे, पण आत अधिक टिकाऊ स्प्रिंगा असलेले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. १९५५ मध्ये त्याहून जबर नमुना आला. माल चांगला होता, किंमत माफक होती, आणि तो अफाट खपला. पण घाटाबरोबर जुन्या पिस्तुलाचे सहावे घरही आले. विकत घेणारा मात्र आता रानावनातला जाणता स्वार नव्हता. तो होता शहरातला कारकून किंवा शनिवार-रविवारचा शिकारी, आणि त्याने चित्रपटात नायकाला सहा गोळ्या झाडतानाच पाहिले होते.

अपघात होऊ लागले आणि फिर्यादीही. त्यांतली एक अलास्कातली. १९७२ साली एका माणसाच्या हातून असे रिव्हॉल्व्हर निसटले, गोळी सुटली आणि तो जबर जखमी झाला. खटल्यात पुरावा पुढे आला, की हा दोष काढून टाकायला नगामागे फक्त १ डॉलर ९३ सेंट खर्च आला असता. ज्यूरीत बसलेल्या सामान्य माणसांनी मग साधा त्रैराशिकाचा हिशेब केला. असे नग विकले किती? पंधरा लाख. गुणिले १.९३. झाले २८ लाख ९५ हजार डॉलर. तेवढाच दंड त्यांनी कंपनीवर बसवला! कंपनीने जे वाचवले ते तिच्याकडून काढून घ्यावे, इतका हा सरळ न्याय. १९७९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला ही रक्कम अवाच्या सवा वाटली आणि तिने ती पुष्कळ खाली आणली. पण तो गुणाकार कुणाच्या स्मरणातून गेला नाही.

दरम्यान १९७३ मध्ये रूगरने नव्या मालात ती पट्टी बसवली होती. मूळ कल्पना जवळजवळ ऐंशी वर्षांची जुनी! आता सहाही घरे भरता येत. उरला प्रश्न जुन्या मालाचा. आजवरची रीत पाहता कंपनीने तो नशिबावर सोडला असता. पण १९८२ साली तिने जाहीर केले, की जुने रिव्हॉल्व्हर कारखान्याकडे पाठवा, आम्ही फुकट नवी पट्टी बसवून परत करू. मग ते तुम्ही दुकानातून घेतलेले असो की आजोबांकडून मिळालेले. इथे पावती मागणे नाही, मुदत नाही, तुम्ही कितवे मालक याची चौकशी नाही. हमीच्या इतिहासात हे पान निराळेच म्हटले पाहिजे. ते खटल्यांच्या धाकाने लिहिले गेले की सदसद्विवेकाने, याचा वाद घालणारे घालोत. धाकाने का होईना, पण लिहिले गेले.

या कामात दोन अडचणी होत्या आणि दोन्ही शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की पिस्तुले होती कुठे? वीस-तीस वर्षांत ती हातोहाती गेलेली. कुणी विकली, कुणी बक्षीस दिली, कुणाच्या वारसाला मिळाली. मोटारीसारखी नोंदवही नाही. म्हणून शिकारीच्या मासिकांतून वर्षानुवर्षे जाहिराती द्याव्या लागल्या. दुसरी अडचण मालकांची. पुष्कळांना दुरुस्ती नकोच होती. नव्या पट्टीने चापाची ओढ बदलते अशी काहींची तक्रार. संग्राहकांची ओरड अशी, की मूळचा भाग काढला म्हणजे वस्तूची किंमत उतरते. शेवटी कंपनीने एक तोड काढली. काढलेले जुने भाग ती एका पाकिटात घालून दुरुस्त पिस्तुलासोबत मालकाला परत पाठवू लागली. दोष काढायचा आणि तोच पुडीत बांधून घरी पोचता करायचा! ज्याचे त्याचे धन ज्याला त्याला परत, हा कायद्याचा नेकपणा झाला. पण ती पुडी कपाटाच्या खणात पडून राहते आणि एखादा हौशी पुढे ते भाग पुन्हा बसवतो, हेही होतेच.

शस्त्र दुरुस्तीला पाठवायचे तरी कसे, हाही एक इतिहासच आहे. अमेरिकेत १९२७ साली काँग्रेसने कायदा करून लपवता येण्याजोगी शस्त्रे खाजगी माणसाने टपालाने पाठवणे बंद केले. ती खाजगी वाहतूक कंपनीमार्फत जाऊ लागली. पुढे १९६८ च्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्यात थेट ग्राहकाला शस्त्र धाडण्यावर बंदी घातली. मात्र दुरुस्तीला एक वाट मोकळी ठेवली. परवानाधारक कारखानदाराला, ज्याच्याकडून शस्त्र आले त्यालाच ते दुरुस्त करून, किंवा दुरुस्ती होत नसल्यास त्याच जातीचे दुसरे, थेट परत पाठवता येते. दुरुस्तीच्या बाबतीत आपला कायदा अधिक काटेकोर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे धंदा म्हणून शस्त्राची नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो.

आता हमीपत्राची गंमत पाहा. १९७५ साली अमेरिकेत हमीविषयी मोठा कायदा झाला. लेखी हमी द्यायची तर ती ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहा, आणि पूर्ण म्हणाल तर अमुक अमुक केलेच पाहिजे, असे त्यात होते. मात्र हमी दिलीच पाहिजे असे नव्हते. रूगर कंपनीने पिस्तुलाबरोबरच्या माहितीपुस्तिकेत सरळ छापून टाकले, की या कायद्याच्या जंजाळात पडण्यापेक्षा आम्ही लेखी हमी देतच नाही. म्हणजे कागदावर शून्य! आणि त्याच कंपनीचा कारखाना तीस वर्षांपूर्वी विकलेले पिस्तूल फुकट दुरुस्त करून देत होता. उलट रंगीत हमीपत्र देऊन नंतर तोंड फिरवणारे दुकानदार आपण सर्वांनीच पाहिले आहेत. हमी कागदावर किती आणि माणसात किती, याचा हिशेब नेहमी एकच येतो असे नाही.

पण माणसावर किती विसंबावे? १९७२ साली अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग नेमण्याचा कायदा झाला. पाळणे, विजेची भांडी, खेळणी, जे जे धोक्याचे आढळेल ते बाजारातून परत मागवण्याचा अधिकार या आयोगाला मिळाला. मात्र बंदुका आणि पिस्तुले कायद्यानेच वगळली गेली. मुलांच्या टिकल्यांचा आवाज किती मोठा असावा याचा नियम तिथे आहे. खेळण्यातले पिस्तूल सदोष निघाले तर सरकार ते परत मागवू शकते. खरे पिस्तूल सदोष निघाले तर ते परत मागवण्याचा हुकूम हा आयोग देऊ शकत नाही. तिथे उरतात न्यायालये आणि कारखानदाराची इच्छा. २००५ च्या कायद्याने शस्त्राच्या गुन्हेगारी वापराबद्दल कारखानदारांवर होणाऱ्या दाव्यांना बरीच आडकाठी केली. तरी सदोष घडण आणि हमीचा भंग यांचे दावे मात्र शिल्लक ठेवले.

म्हणूनच शब्दही जपून निवडले जातात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिग सॉअर या कंपनीने आपल्या एका नव्या पिस्तुलाबद्दल जाहीर निवेदन केले. विशिष्ट कोनात खाली पडले तर ते उडू शकते असे चाचण्यांत दिसले होते. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन सैन्याने त्याच जातीचे पिस्तूल पसंत केले होते. कंपनीने फुकट नवा, हलका चाप बसवून देण्याची तयारी दाखवली. पण नाव दिले ‘स्वेच्छेची सुधारणा’. परत मागवणे हा शब्द तिने टाळला. सुधारणा म्हटली की गिऱ्हाईक म्हणते, सवडीने पाहू. दोष म्हटला की ते आजच उठते. या दोन शब्दांमधल्या अंतरात पिस्तुले खणात पडून राहतात.

आणि खणात पडून राहणे हेच सर्वांत वाईट. १९५५ साली कुणा तरुणाने हौसेने घेतलेले रिव्हॉल्व्हर घ्या. त्याला कुणा जाणत्याने सांगितले होते : पाचच भर, सहावे घर रिकामे ठेव. त्याने ते जन्मभर पाळले आणि काही घडले नाही. तो गेला. पिस्तूल नातवाच्या हाती आले. आजोबांचे पिस्तूल आले, पण आजोबांची सवय आली नाही. ती कुठे लिहिलेली नव्हती, पोलादात कोरलेली नव्हती. नातवाने सहा घरे पाहिली आणि सहा भरली. सावधपणावर सोपवलेली सुरक्षितता त्या सावध माणसाबरोबरच जाते. उरतो तो दोष, न गंजता, न थकता, वाट पाहत. १९८२ ची ती फुकट दुरुस्ती मोलाची ठरते ती यासाठी. आजोबांच्या स्मरणात असलेली गोष्ट तिने लोखंडात उतरवली, आणि दुरुस्ती कोणत्या मालकाच्या नावाने हे विचारलेच नाही.

दुकानाच्या भिंतीवरची ती पाटी लिहिणाराला वाटत असते, की वस्तू हातातून गेली म्हणजे नातेही गेले. आपल्याकडच्या जुन्या तांबटाला तसे वाटत नसे. आपल्या हातचा हंडा गळाला तर दहा वर्षांनीही तो डाग लावून देई, कारण गळणाऱ्या हंड्यावर लोक त्याचे नाव सांगत. वस्तू घडवणाराचे नाव वस्तूबरोबर फिरत असते. ती पाणी गाळणारी असो की गोळी सोडणारी, गळतीची वेळ आली की लोक नाव विचारतातच. आणि दारूच्या वस्तूची गळती पाण्याने भरून निघत नाही.

तेव्हा यंदा चिरंजीवांचे पिस्तूल भाऊबीजेआधी मोडले आणि दुकानदाराने नुसते पाटीकडे बोट दाखवले, तर फार रागावू नये. खेळणेच ते. एक प्रश्न मात्र त्याला अवश्य विचारावा. हेच खरे असते, तर तुम्ही ती पाटी लावली असती का?